ग्वाडेलूपचा लाल मकाव: खरा की नुसता कागदावरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर पूर्वी लाल रंगाचा एक मकाव, म्हणजे लांब शेपटीचा मोठा पोपट, होता असं तुम्ही वाचलंत. एका यादीत तो ‘नामशेष’ आहे, दुसरीत ‘काल्पनिक’, आणि तिसरीकडे ‘अस्तित्व संशयास्पद’ असा शेरा आहे. पक्षी एक तर असतो नाही तर नसतो, मग अभ्यासकांचं एकमत का होत नाही? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: कुणी नीट शोधलंच नसेल, तर तो अजून तिथल्या जंगलात असू शकेल का?

आधी उत्तर देऊन टाकतो. तो होता. आज नाही. आणि त्याच बेटाच्या नावावर नोंदलेला दुसरा एक मकाव, जांभळा, तो मात्र कधीच नव्हता. गंमत अशी की दोघांचंही बारसं 1905 साली झालं आणि दोघांचाही निकाल 2015 साली लागला, एकाचा बाजूने आणि दुसऱ्याचा विरोधात. मधली 110 वर्षं दोघंही एकाच यादीत, एकाच संशयाखाली पडून होते. ती गाठ कशी सुटली हे सांगितलं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

मी संग्रहालयातली पक्ष्यांची कातडी आणि उत्खननात मिळालेली हाडं पाहण्यात उमेदीची वर्षं घालवली. त्या कामात एक सवय लागते. समोर नाव आलं की पक्षी कसा दिसायचा हे नंतर, आधी हे नाव कशाच्या आधारावर उभं आहे ते विचारायचं. कातडं आहे का? हाड आहे का? चित्र आहे का, आणि चित्रकाराने पक्षी स्वतः पाहिला होता का? का कुणीतरी कुठेतरी लिहिलंय एवढंच? ग्वाडेलूपच्या मकावाचं एकही कातडं जगात कुठे नाही. संशयाचं मूळ एवढंच आहे.

लेखी पुरावा मात्र चांगला आहे. कोलंबस दुसऱ्या सफरीत नोव्हेंबर 1493 मध्ये ग्वाडेलूपला उतरला. तिथल्या झोपड्यांत कोंबडीएवढे मोठे लाल पोपट दिसल्याची नोंद त्या सफरीच्या वृत्तांतांत आहे. ही नोंद मोलाची खरी, पण तेवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. झोपडीतला पोपट पाळलेला असणार, आणि पाळलेला पोपट कुठून आणला हे तो पोपट सांगत नाही.

खरा साक्षीदार दीडशे वर्षांनी आला. फ्रेंचांनी 1635 मध्ये ग्वाडेलूपवर वसाहत केली आणि 1640 मध्ये जाँ-बाप्तिस्त द्यु तेर्त्र नावाचा मिशनरी तिथे पोहोचला. त्याने 1654 मध्ये आणि पुढे 1667 पासून विस्ताराने या बेटांचा इतिहास लिहिला. त्यात मकावाबद्दल जे आहे ते वाचताना मला तरी शंका राहत नाही की हा माणूस झाडाखाली उभा राहून बघत होता. डोकं, मान, पोट आणि पाठ आगीच्या रंगाची. पंखांत पिवळी, निळी आणि लाल पिसं मिसळलेली. शेपूट पूर्ण लाल, दीड फूट लांब. तिथले मूळ रहिवासी ही शेपटीची पिसं केसांत खोवत, कानाच्या पाळीतून आणि नाकाच्या मधल्या पडद्यातून आरपार घालून मिशांसारखी मिरवत. हिरव्यागार झाडावर दहा-बारा मकाव बसलेले पाहणं यापेक्षा सुंदर दृश्य नाही, असंही तो म्हणतो. आवाज मोठा आणि कर्कश, उडताना सतत ओरडतात, आणि त्यांच्या ओरडण्याची नक्कल केली तर थबकतात.

पुढे दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे. पहिली, हे पक्षी मँचिनीलची फळं खातात असं तो लिहितो. मँचिनील हे कॅरिबियन किनाऱ्यावरचं अत्यंत विषारी झाड. फळ छोट्या सफरचंदासारखं, पण त्याचा चीक अंगाला लागला तरी फोड येतात. इतर प्राण्यांना हे विष आहे हे द्यु तेर्त्रला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने मुद्दाम लिहिलं. आता दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे मोठे मकाव काय खातात ते पाहिलं तर याच कुळातल्या हुरा नावाच्या झाडाच्या विषारी बिया ते फोडून खातात, हे नोंदलेलं आहे. सतराव्या शतकातल्या मिशनऱ्याला ही बाब घरबसल्या सुचण्याचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट वाचवत नाही, पण पुरावा म्हणून पक्की आहे. झाडाखालून बंदुकीचे बार काढले तरी हे पक्षी हलत नाहीत. सोबती मरून खाली पडतात आणि बाकीचे शांतपणे पाहत राहतात, म्हणून एकाच झाडावर पाच-सहा वेळा गोळी झाडता येते. बेटांवरच्या, माणसाची सवय नसलेल्या पक्ष्यांचं वागणं असंच असतं. पिंजऱ्यातून सुटलेल्या, बाहेरून आणलेल्या पोपटाचं नसतं.

मग संशय कुठून आला? तो उगाच आला नाही. मकाव हा अमेरिका खंडात माणसाने हातोहात फिरवलेला पक्षी आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात चाको कॅन्यनच्या प्राचीन वस्तीत लाल मकावाचे सांगाडे मिळाले आहेत. तो भाग जंगली मकावाच्या टापूपासून शेकडो मैल बाहेर आहे. लोक चालत, पाठीवर वाहून पक्षी तिथे नेत होते. मग होडीतून बेटावर न्यायला काय अडचण? ग्वाडेलूपच्या दक्षिणेला बेटांची माळच लागते, ती थेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापर्यंत. मुख्य भूमीवरचा स्कार्लेट मकाव लाल असतो, पंखांत पिवळं-निळं असतं. मिशनऱ्याने पाहिलेला पक्षी तोच नव्हे कशावरून, हा प्रश्न रास्त आहे.

याला उत्तर शेपटीत आहे. स्कार्लेट मकावाच्या पाठीचा खालचा भाग फिकट निळा असतो आणि शेपटीतही निळं असतं. शिवाय ती शेपूट बरीच लांब असते. द्यु तेर्त्र म्हणतो शेपूट पूर्ण लाल आणि दीडच फूट. ऑस्टिन क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने 1905 मध्ये नेमकं हेच धरलं, हा वेगळा आणि लहान पक्षी आहे असं म्हटलं आणि त्याला आरा ग्वाडेलूपेन्सिस हे नाव दिलं. नमुना नाही, फक्त वर्णन. प्राणिशास्त्राच्या नामकरणाच्या नियमांत ते बसतं, म्हणून नाव वैध ठरलं. पण नाव वैध असणं आणि पक्षी खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याद्या वाचताना निम्मा गोंधळ इथेच होतो.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वॉल्टर रॉथशील्डही कामाला लागले होते. बँकर घराण्यातला हा गृहस्थ, ट्रिंग गावी त्यांचं प्राण्यांच्या नमुन्यांचं स्वतःचं संग्रहालय होतं, आणि पक्ष्यांच्या कातड्यांचा खासगी संग्रह एवढा मोठा की भल्याभल्या सरकारी संस्थांना हेवा वाटावा. त्यांचं पक्षिज्ञान अफाट होतं, यात वाद नाही. पण नामशेष मकावांच्या बाबतीत त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. जुन्या प्रवासवर्णनांत ‘अमुक रंगाचा मोठा पोपट’ असं वाक्य दिसलं की एक नवी जात. जमैकाचा पिवळ्या कपाळाचा आरा गोसी, जमैकाचाच लाल डोक्याचा आरा एरिथ्रोसेफाला, मार्टिनिकचा निळा-पिवळा आरा मार्टिनिकस, आणि ग्वाडेलूपचा पूर्ण जांभळा अॅनोडोरिंकस परप्युरेसेन्स, ही सगळी त्यांची 1905 ची कमाई. 1907 मध्ये आणखी एक नाव आलं, आरा एरिथ्रुरा. ते शार्ल द रोशफोरच्या 1658 च्या वर्णनावर बेतलेलं, आणि पक्षी नक्की कुठल्या बेटावरचा हेही त्यात धड ठरत नव्हतं. याच रोशफोरने माझं लिखाण उचललं असा द्यु तेर्त्रचा जाहीर आरोप होता. म्हणजे एकाच पक्ष्याचं वर्णन, एकदा मूळ आणि एकदा उचललेलं, आणि त्यातून दोन जाती!

त्यात भर म्हणून 1907 च्या ग्रंथात रॉथशील्ड यांनी अशा काही पक्ष्यांची सुंदर रंगीत चित्रं काढवून घेतली. चित्रकारांनी ते पक्षी पाहिलेले असणं शक्यच नव्हतं. वर्णन वाचून, ओळखीच्या मकावाच्या अंगावर रंग बदलून ती काढली आहेत. आज इंटरनेटवर हीच चित्रं पुन्हा पुन्हा फिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, चित्र आहे म्हणजे पक्षी होता. तुम्ही एखादं चित्र पाहिलं असेल तर तेही कदाचित त्यांतलंच असेल.

सगळेच फेकून द्यायचे का? नाही. जमैकाच्या आरा गोसीचं उदाहरण घ्या. जमैकाच्या हॅनोव्हर भागात लुसियाच्या पूर्वेला 1765 च्या सुमारास ओडेल नावाच्या माणसाने तो मारला. पेंढा भरलेला पक्षी रॉबिन्सन नावाच्या डॉक्टराने पाहिला आणि अगदी बारकाईने लिहून ठेवलं: चोचीचा कुठला भाग काळा, कुठला राखाडी, कपाळ आणि माथा झगझगीत पिवळा, पंखाची मोठी पिसं फिकट निळी. हे वर्णन गॉस या निसर्गअभ्यासकाने 1847 मध्ये छापलं. नमुना पुढे हरवला. म्हणजे माणसाने पक्षी हातात घेऊन पाहिला होता, हे नक्की. पण तो जमैकाचा जंगली पक्षी होता का? शेजारच्या क्युबात लाल मकाव होता आणि त्याच्या मानेवर केशरी-पिवळा पट्टा होता, मग तोच समुद्र ओलांडून, किंवा कुणाच्या पिंजऱ्यातून, आला असेल. आणखी एक शक्यता आहे. दक्षिण अमेरिकेतल्या काही जमाती पाळीव पोपटाची पिसं उपटून तिथे बेडकाच्या अंगावरचा स्राव चोळत, आणि नवी पिसं पिवळी उगवत. याला तापिराज म्हणतात. पिवळं कपाळ म्हणजे नवी जात की माणसाची करामत, हे हरवलेल्या कातड्यावरून कोण सांगणार?

क्युबाच्या मकावाबद्दल मात्र कुणी असा प्रश्न विचारत नाही. तोही संपला, शेवटचा खात्रीचा पक्षी 1864 मध्ये सापाताच्या दलदलीत मारला गेला. पण जगभरच्या संग्रहालयांत त्याची वीसेक कातडी आहेत. 2018 मध्ये एका जुन्या कातड्यातून त्याचा डीएनए वाचून तो मुख्य भूमीवरच्या कुठल्या मकावांचा नातेवाईक हेही ठरवलं गेलं. एका कातड्याने केवढा फरक पडतो ते पाहा.

पण कातडं हातात आहे म्हणून सगळं मिटतं, असंही समजू नका. त्याला आपल्याच मुंबईचं उदाहरण आहे. याच रॉथशील्ड यांनी 1895 मध्ये मुंबईहून व्यापारातून आलेल्या कातड्यावरून एका नव्या भारतीय पोपटाचं वर्णन केलं, सिटाक्युला इंटरमीडिया. ठिकाणाचा पत्ता नाही, जंगलात कुणी पाहिलेला नाही, अशी एकूण सातच कातडी मिळाली. नव्वद-शंभर वर्षं लोक हा पोपट उत्तर भारतात शोधत राहिले. 1980 च्या दशकात पक्षिबाजारात तसे दिसणारे जिवंत पक्षी आले तेव्हा तर जात खरी असल्याचं अनेकांना वाटू लागलं. 1999 मध्ये पामेला रॅसमुसन आणि नायजेल कॉलर या पक्षिअभ्यासकांनी ती कातडी मोजून, रंग पडताळून दाखवलं की हे आपला जांभळट डोक्याचा तुईया आणि हिमालयातला राखाडी डोक्याचा पोपट यांचे संकरित पक्षी आहेत. प्रत्येक मापात ते दोघांच्या मधोमध पडत होते. लॅटिन नावाचा अर्थच ‘मधला’ आहे, म्हणजे रॉथशील्ड यांनाही ते दिसलं होतं, फक्त त्याचा अर्थ वेगळा लागला.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अभ्यासाचं कातडं म्हणजे काचेच्या डोळ्यांचा दिवाणखान्यातला पक्षी नव्हे. ते उताणं, पंख मिटून, डोळ्यांच्या जागी कापूस भरून खणात ठेवलेलं असतं. पायांना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते: ठिकाण, तारीख, नर की मादी, कुणी मारला. पक्ष्याइतकीच किंमत त्या चिठ्ठीला आहे. आणि चिठ्ठी खोटी असू शकते. रानपिंगळ्याची गोष्ट ठाऊक असेलच. जेम्स डेव्हिडसन हा अधिकारी 1880 च्या दशकात खानदेशात होता, त्याने शहादा-तळोद्याकडे हा पिंगळा गोळा केला. पुढे त्यातलं एक कातडं रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने चोरलं, उसवून पुन्हा शिवलं आणि 1914 मध्ये आपण गुजरातेत मारला अशी चिठ्ठी लावली. रॅसमुसन आणि कॉलर यांनी क्ष-किरण लावून, शिवण आणि आतला कापूस तपासून हात कुणाचा ते ओळखलं. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये रॅसमुसन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ पिंगळा जिवंत सापडला. चिठ्ठ्यांचा हा कीस आम्ही उगाच काढत नाही.

परत ग्वाडेलूपला येऊ. कातडं नाही, मग उरतं हाड. कॅरिबियन बेटांवर मकावांची हाडं मिळाली आहेत, पण फार थोडी. सेंट क्रॉई बेटावर कॉन्कॉर्डिया इथल्या जुन्या वस्तीच्या उकिरड्यात पायाचं एक हाड मिळालं, त्यावरून अलेक्झांडर वेटमोर यांनी 1937 मध्ये आरा ऑटोक्थोनिस ही जात सांगितली. 2008 मध्ये पोर्टो रिकोतल्या एका वस्तीतूनही त्याच जातीची हाडं ओळखली गेली. ग्वाडेलूपला लागून असलेल्या मारी-गालांत बेटावर, तेही वस्तीच्याच जागी, पंखाचं एक हाड मिळालं आणि 2001 मध्ये ते ग्वाडेलूपच्या मकावाचं असावं असं सुचवलं गेलं. ‘असावं’ यावर जोर द्या. कारण वस्तीच्या उकिरड्यातलं हाड आणि कोलंबसने पाहिलेला झोपडीतला पोपट यांची अडचण एकच आहे. पक्षी तिथे मेला एवढंच सिद्ध होतं, तिथे जन्मला हे नाही.

ही अडचण कशाने सुटेल? माणूस बेटावर यायच्या आधीच्या थरातलं हाड मिळालं तर. 2015 मध्ये मोनिका गाला आणि आर्नो लनोब्ल यांनी नेमकं तेच प्रसिद्ध केलं. मारी-गालांतच्या गुहेतल्या थरांतून मकावाच्या बोटाचं टोकाचं हाड मिळालं, ज्याच्यावर नखाचं आवरण चढलेलं असतं ते. थर हिमयुगाच्या शेवटच्या काळातला, म्हणजे 11 हजार वर्षांहून जुना. त्या वेळी तिथे माणूस नव्हता, होड्या नव्हत्या, व्यापार नव्हता. एवढासा तो नखाचा गाभा, हातावर ठेवला तर विसरून जाल, पण द्यु तेर्त्रच्या सगळ्या पानांना जे जमलं नाही ते त्याने केलं. ग्वाडेलूपच्या बेटांवर मकाव आपल्या पंखांनी आला होता आणि तिथला झाला होता.

एवढ्याने सगळं सुटलं का, तर नाही. हाडावर रंग नसतो. हिमयुगातला तो मकाव आणि द्यु तेर्त्रचा आगीच्या रंगाचा मकाव एकच, हे आपण जोडतो ते तर्काने. तर्क मजबूत आहे: त्याच बेटांवर मकाव राहत होता हे ठरलं, तर नंतर तिथेच थव्याने दिसणारा मकाव बाहेरून आणलेला होता असं म्हणायला आता वेगळा पुरावा द्यावा लागेल. सिद्ध करायची जबाबदारी बाजू बदलून दुसरीकडे गेली. उष्ण कटिबंधात डीएनए लवकर नासतो, तेव्हा त्या हाडातून क्युबाच्या मकावासारखं नातं वाचता येईल अशी फार आशा मी धरणार नाही.

आणि जांभळा मकाव? त्याच 2015 मध्ये त्याच लनोब्ल यांनी त्याचा माग काढला. रॉथशील्ड यांनी आधार म्हणून कोलंबसच्या सफरींच्या कागदपत्रांच्या 1838 च्या एका आवृत्तीकडे बोट दाखवलं होतं. लनोब्ल यांनी जुने आधार एकेक करून तपासले, आणि त्यांतून या मकावाला पाया मिळाला नाही. उलट जे वर्णन होतं ते ग्वाडेलूपच्याच दुसऱ्या एका पोपटाला बसत होतं. तो पोपट द्यु तेर्त्रनेच सांगितला आहे: कोंबडीएवढा, डोकं, मान आणि पोट जांभळं, त्यात हिरव्या-काळ्याची झाक, कबुतराच्या गळ्यासारखा फिरता रंग, मानेची पिसं फुलवली की डोक्याभोवती झालर उभी राहते आणि मोर पिसाऱ्याकडे पाहतो तसा तो स्वतःवरच खूश होतो. हा अॅमेझॉन पोपट, म्हणजे आखूड शेपटीच्या पोपटांच्या वेगळ्या गटातला, मकाव नव्हे. शेजारच्या डॉमिनिका बेटावर त्याचा जांभळ्या पोटाचा नातेवाईक सिसरू आजही आहे, त्या देशाच्या झेंड्यावरही आहे. जांभळा पोपट खरा होता, जांभळा मकाव म्हणजे त्याच पोपटाची कागदावर वाढलेली सावली. लनोब्ल यांनी लेखाच्या शीर्षकातच हा मकाव अस्तित्वात नव्हता असं लिहून टाकलंय. शास्त्रीय लेखांत इतकं सरळ शीर्षक क्वचित दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आज कुठे उरला असेल का. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात ते वेगळे करा. होता का, हा एक. आहे का, हा दुसरा. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या लोरिकीट या छोट्या हिरव्या पोपटाचं पाहा. 1859 मध्ये दोन माद्या मिळाल्या, 1860 मध्ये नाव मिळालं, एक नमुना पॅरिसच्या संग्रहालयात आजही आहे. तो होता यात कुणालाच शंका नाही, तो आहे का हे कुणालाच ठाऊक नाही. छोटा, हिरवा, उंच झाडांच्या शेंड्यांत फुलांवर फिरणारा पक्षी, आणि बेट डोंगराळ. त्याच्यासाठी थोडी आशा ठेवायला जागा आहे.

ग्वाडेलूपच्या मकावासाठी नाही. पूर्ण बेटसमूहच साधारण 1,600 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद-दोन तालुक्यांएवढा. त्यातला सपाट भाग ऊस लावायला केव्हाच मोकळा झाला. डोंगराळ बास-तेर भागात दाट जंगल आहे, पण तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, रस्ते आहेत, पायवाटा आहेत, पक्षीनिरीक्षक जातात. आणि हा पक्षी लाल, मोठा, थव्याने फिरणारा, उडताना सतत ओरडणारा. तो लपून राहू शकत नाही. बंदूक आल्यावर तर त्याचं ते शांत बसून राहणंच त्याच्या मुळावर आलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो संपला असावा. कुणी आज तिथे लाल मकाव पाहिल्याचं सांगितलं तर तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला स्कार्लेट मकाव. शेपूट आणि पाठीचा खालचा भाग निळा आहे का ते विचारा, लगेच कळेल.

बाकी नावांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. मार्टिनिकचा निळा-पिवळा मकाव मी सोडून देईन. मुख्य भूमीवरचा निळा-पिवळा मकाव तेव्हाही पाळला जात होता आणि वर्णनात त्याहून वेगळं काही नाही. आरा एरिथ्रुरा तर सोडाच. जमैकाच्या गोसीसाठी दार किलकिलं ठेवतो, रॉबिन्सनच्या बारकाईमुळे.

पण मला सगळ्यांत जास्त खुणावतो तो डॉमिनिकाचा हिरवा-पिवळा मकाव, क्लार्क यांनी 1908 मध्ये ज्याला आरा अॅटवूडी म्हटलं. त्याला आधार थॉमस अॅटवूड याने 1791 मध्ये लिहिलेला एक परिच्छेद, बाकी काही नाही. पण परिच्छेद नीट वाचा. हा पक्षी साध्या पोपटापेक्षा मोठा, आवाज जास्त कर्कश, आणि कानापासून चोचीच्या मुळापर्यंत लाल मांसल भाग. गालावर उघडी कातडी ही मकावाचीच खूण, अॅमेझॉन पोपटाला ती नसते. पुढे तो म्हणतो, पोपटांना लहानपणी पकडून बोलायला शिकवता येतं, मकावांना येत नाही. दोघांचं मांस खातात, पण चरबी फार, भाजलं की आटतं आणि कोरडं लागतं, म्हणून त्याचं सूपच करतात आणि ते पौष्टिक समजतात. जो माणूस मकाव आणि पोपट यांच्या सुपापर्यंत जाऊन बोलतो, त्याने दोघांत गल्लत केली असेल असं मला वाटत नाही. अडचण बेटाची आहे. मारी-गालांत चुनखडीचं बेट, तिथल्या गुहांत हाडं हजारो वर्षं टिकतात. डॉमिनिका ज्वालामुखीचं, माती आम्लयुक्त, हाड विरघळून जातं. तिथे तसं नखाचं हाड मिळणं फार अवघड, त्यामुळे अॅटवूडचा मकाव यादीत ‘काल्पनिक’ म्हणूनच दिसत राहणार, आणि तो शेरा पक्ष्याबद्दल कमी, तिथल्या मातीबद्दल जास्त सांगतो.